सत्रपालन, जावा जालसेवांतील
एकाच ग्राहकाकडून एकामागून एक येणाऱ्या मागण्या परस्परांशी निगडित आहेत, हे सर्व्हरला ओळखता यावे यासाठी केलेली व्यवस्था. येथे ग्राहक म्हणजे माणूस नव्हे, तर सेवा मागणारा संगणक किंवा त्यावर चालणारी आज्ञावली होय. अशा निगडित मागण्यांच्या मालिकेस सत्र म्हणतात.

सत्राची गरज एचटीटीपी या संदेशवहन-संकेताच्या स्वरूपातून निर्माण होते. या संकेतात प्रत्येक मागणी स्वतंत्र मानली जाते. उत्तर पाठविल्यावर सर्व्हरला आधीच्या मागणीची स्मृती राहत नाही. १९९४ मध्ये नेटस्केप कंपनीतील लू माँटुली यांनी यावर कुकीची योजना काढली. सर्व्हर पहिल्या उत्तराबरोबर एक छोटी खूण पाठवितो आणि ग्राहक ती पुढील प्रत्येक मागणीबरोबर परत करतो. जावातील सर्व्हलेट पद्धतीत या खुणेचे रूढ नाव ‘जेसेशनआयडी’ असे आहे. खुणेत केवळ क्रमांक असतो; प्रत्यक्ष माहिती सर्व्हरच्या स्मृतीत राहते. ठराविक काळ मागणी आली नाही, तर सर्व्हर ती माहिती टाकून देतो. टॉमकॅट या प्रचलित सर्व्हरमध्ये हा काळ मुळात ३० मिनिटांचा असतो.

या व्यवस्थेचे व्यावहारिक महत्त्व ठाणे जिल्ह्याच्या ग्रामीण भागात सहज दिसते. २०१४ मध्ये पालघर वेगळा झाल्यावर शहापूर व मुरबाड हे सह्याद्रीच्या पायथ्याचे तालुके ठाणे जिल्ह्यातच राहिले. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खालील अनेक सेवांचे अर्ज ‘आपले सरकार’ या संकेतस्थळावर भरता येतात. डोळखांब किंवा टोकावडे परिसरातील आदिवासी पाड्यांवरून उत्पन्नाच्या किंवा जातीच्या दाखल्यासाठी सेवा केंद्रात आलेल्या मजुराचे काम अर्ध्यावर अडले, तर त्याची दिवसाची मजुरी बुडते. अशा सेवांची अंतर्गत रचना निरनिराळी असली, तरी सत्राचे तत्त्व एकच असते. मोबाइलचे जाळे मिनिटभर तुटले म्हणजे सत्र संपत नाही, कारण जोडणी व सत्र या भिन्न गोष्टी आहेत. मुदतीच्या आत जाळे परत आल्यास तीच खूण चालते. वीज जाऊन संगणक बंद पडल्यास मात्र मुदत न दिलेली कुकी ब्राउझरबरोबर सामान्यतः नष्ट होते व केंद्रचालकास पुन्हा प्रवेश करावा लागतो. म्हणून अर्धवट अर्ज केवळ सत्रात न ठेवता टप्प्याटप्प्याने माहितीसंचात नोंदविणे इष्ट ठरते.

ब्राउझर कुकी आपोआप परत करतो. जावातील ग्राहक-आज्ञावली तसे करीत नाही. एका खात्याची आज्ञावली दुसऱ्या खात्याच्या जालसेवेस बोलावते तेव्हा हा फरक जाणवतो. २००६ मध्ये आलेल्या जॅक्स-डब्ल्यूएस २.० या मानकात सत्र राखण्याचा ‘सेशन मेंटेन प्रॉपर्टी’ हा गुणधर्म आहे, परंतु त्याचे मूळ मूल्य नकारार्थी असते. ते आज्ञावलीकाराने स्वतः होकारार्थी केले नाही, तर प्रवेशाची पहिली हाक यशस्वी होते आणि दुसऱ्या हाकेस सर्व्हर अनोळखी ठरवितो. हा सावध संकेत नवख्यांना हमखास चकवितो, कारण कोठेही चूक झाल्याचे दिसत नाही. शिवाय खूण सामान्यतः त्या त्या प्रॉक्सी-वस्तूपाशी साठविली जाते. प्रत्येक हाकेस नवी प्रॉक्सी घडविल्यास गुणधर्म लावूनही सत्र टिकत नाही. जॅक्स-डब्ल्यूएस २०१८ मध्ये जावा ११ च्या मूळ संचातून वगळण्यात आले व ते आता वेगळे जोडावे लागते. त्याच आवृत्तीत प्रमाणित झालेल्या नव्या एचटीटीपी ग्राहकासही कुकी सांभाळणारा घटक मुद्दाम द्यावा लागतो.

याउलट, कुकी सांभाळणारा एकच घटक संपूर्ण आज्ञावलीसाठी लावणे अधिक घातक असते. आज्ञावली एकाच वेळी अनेक अर्जदारांसाठी हाका देत असल्यास मुरबाडच्या अर्जदाराची खूण शहापूरच्या अर्जदाराच्या मागणीबरोबर जाऊ शकते आणि एकाची खाजगी माहिती दुसऱ्यापुढे उघडी पडते. सबब प्रत्येक वापरकर्त्यासाठी स्वतंत्र कुकीसाठा ठेवावा लागतो. प्रवेशानंतर सत्रक्रमांक बदलणे व काम संपताच सत्र रद्द करणे हेही तितकेच आवश्यक असते. सेवा केंद्रातील एकाच संगणकावर दिवसभर अनेकांची कामे होतात.

हाक पोहोचूनही उत्तर वाटेत हरवल्यास अर्ज नोंदला गेला की नाही, हे सत्रावरून ग्राहकास कळत नाही. त्यासाठी प्रत्येक अर्जास आधीच एकमेव क्रमांक देतात. तोच क्रमांक पुन्हा आल्यास सर्व्हर दुसरी नोंद न करता पहिलीच दाखवितो.

अनेक सर्व्हर असल्यास ग्राहकाच्या सर्व मागण्या एकाच सर्व्हरकडे वळवितात किंवा सत्राची माहिती सर्वांसाठी सामाईक ठेवतात. दुसऱ्या पद्धतीत सर्व्हर काहीच लक्षात ठेवीत नाही. ग्राहक सही केलेले टोकन प्रत्येक हाकेबरोबर पाठवितो. असे टोकन मुदतीपूर्वी रद्द करणे अवघड असते. त्यासाठी रद्द टोकनांची यादी ठेवावी लागते आणि सर्व्हरवर स्मृतीचा भार पुन्हा येतो.