गाडी अंदमानला न्यायची तर

गेल्या वर्षी मावसभावाची बँकेतून पोर्ट ब्लेअरला बदली झाली. मुलीच्या शाळेचा प्रश्न दोन फोनमध्ये सुटला, गाडीचा मात्र पंधरा दिवस घोळत राहिला. अडीच वर्षांची, चार मीटरच्या आतली पेट्रोल गाडी. विकायला मन होत नव्हते. जो भेटेल तो सल्ला देई. कोणी म्हणे, निम्मी किंमत कस्टमला जाईल. कोणी म्हणे, खारे वारे लागून पोचेपर्यंत पत्रा हातात येईल. सोसायटीतल्या एका काकांनी तर जिन्यात गाठून विचारले, ‘परदेशात नेतोयस, कार्ने काढलंस का?’

गाडी पुण्याहून निघून पोर्ट ब्लेअरला हॅडोच्या धक्क्यावर त्याच्या ताब्यात मिळेपर्यंत कागदपत्रांची फाइल माझ्याकडे होती. त्या काळात एक गोष्ट पक्की कळली. लोक ज्याला घाबरतात तो समुद्र सहसा काही करत नाही. जे काही व्हायचे ते दोन्ही काठांवर होते, नाहीतर कागदांत.

‘समुद्र ओलांडला की कस्टम आलेच’

आले नाही. अंदमान-निकोबार हा केंद्रशासित प्रदेश. चेन्नई, कोलकाता किंवा विशाखापट्टणमहून तिकडे निघालेली गाडी हा देशातल्या देशात फिरणारा माल आहे; त्यात आयात नाही, म्हणून आयात शुल्कही नाही. भारतीय नागरिकाला पोर्ट ब्लेअरला जायला परवाना लागत नाही, तो लागतो आदिवासी राखीव क्षेत्रांसाठी. (सप्टेंबर २०२४ मध्ये शहराचे नाव श्री विजयपुरम झाले. तरी एजंटांच्या तोंडी पोर्ट ब्लेअरच आहे, म्हणून मीही तेच वापरतो.)

कार्नेचे म्हणाल तर ते परदेशी सहलीचे कागद. मुंबईची वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन ते देते. ‘ही गाडी तुमच्या देशात तात्पुरती आणतोय, परत नेईन’ अशी ती हमी असते. उद्या कोणी मॉरिशसला कायमचे राहायला निघाले, तरी कार्ने त्यांच्या कामाचे नाही. तिथे गाडी रीतसर आयातच करावी लागणार, त्या देशाच्या नियमांनी. काकांचा प्रश्न दोन्हीकडून चुकला होता.

‘गाडी जहाजावर चढवायची, आपणही त्यातच बसायचे’

या समजाचे मूळ आपल्याच किनाऱ्यावर आहे. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणारी रो-रो, नाहीतर दाभोळ-धोपावे फेरी. गाडी फळीवरून आत न्यायची, हँडब्रेक ओढायचा, वर जाऊन वारा खायचा. अंदमानच्या प्रवासी जहाजांवर असा गाड्यांचा डेक नसतो. माणसे त्या जहाजाने तीन दिवसांनी पोचतात किंवा विमानाने दोन-अडीच तासांत. गाडी वेगळी जाते, मालवाहू जहाजातून आणि बहुधा कंटेनरमध्ये.

कंटेनर भरताना मी चेन्नईच्या यार्डात उभा होतो. वीस फुटी कंटेनर आतून साधारण पाच मीटर नव्वद सेंटिमीटर लांब. चार मीटरची गाडी आत गेली तरी जवळपास दोन मीटर उरतात, म्हणजे लांबीची चिंता नाही. खरी अडचण रुंदीची. कंटेनरचे दार सव्वादोन मीटरहून जेमतेम जास्त आणि गाडी पावणेदोन मीटरची. दोन्ही बाजूंना वीतभर जागा. आरसे मिटवून एका सडपातळ पोराने गाडी इंचाइंचाने आत नेली. ती आत गेल्यावर माझ्या डोक्यात आले, आता हा बाहेर कसा येणार? दार उघडायला जागाच नव्हती. त्याने काच खाली केली, पाय बाहेर काढले आणि कंटेनरच्या भिंतीला पाठ घासत खिडकीतून सरकून उतरला. मग चाकांच्या पुढे-मागे लाकडी पाचरी ठोकल्या, पट्टे ताणून बांधले, बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडली. टाकीत पाव किंवा त्याहून कमी इंधन हवे, हे एजंटने आधीच बजावले होते. शेवटी दार बंद झाले, सील लागले आणि सीलचा नंबर कागदावर चढला.

लोकांच्या आणखी एक गोष्ट लक्षात येत नाही. पुणे ते चेन्नई रस्त्याने साधारण बाराशे किलोमीटर आणि चेन्नई ते पोर्ट ब्लेअर समुद्रानेही तेवढेच. म्हणजे अर्धा ‘सागरी’ प्रवास ट्रकच्या पाठीवर होतो. आमच्या गाडीला एकच ओरखडा आला, डाव्या मागच्या दारावर, आणि तोही चेन्नईच्या यार्डात कार कॅरियरवरून उतरली तेव्हाच दिसला. निघण्यापूर्वी चारही बाजूंचे, छताचे आणि किलोमीटरच्या आकड्याचे फोटो काढून ठेवले होते म्हणून वाहतूकदाराशी वाद घालता आला. जहाजाने काहीही केले नाही.

‘गाडी रिकामी का पाठवायची? आत सामान कोंबू’

गाडीच्या आत नको. सामान हलते, काचेवर आपटते, हरवले तर सिद्ध करता येत नाही आणि विमा ते धरत नाही. कंटेनरमध्ये उरलेल्या दोन मीटरांत मात्र मध्ये लाकडी आडोसा ठोकून, यादी करून खोकी ठेवता येतात. पण हे एजंटशी आधी ठरवून, आयत्या वेळी गळ घालून नव्हे.

‘फर्स्ट पार्टी विमा आहे ना, मग झाले’

इथे थोडे थांबतो, कारण सगळ्यात महागात पडणारा गैरसमज हाच. आपल्या मोटार विम्याच्या पॉलिसीत गाडीच्या नुकसानीची कारणे एकाखाली एक लिहिलेली असतात. त्यात वाहतुकीत होणारे नुकसानही आहे, पण कोणत्या वाहतुकीत? रस्ता, रेल्वे, अंतर्गत जलमार्ग, लिफ्ट, एलिव्हेटर, विमान. लिफ्टसुद्धा आहे. समुद्र नाही. मी पॉलिसी चष्मा पुसून दोनदा वाचली. बंगालच्या उपसागरात असताना तुमच्या ‘सर्वसमावेशक’ विम्याचा त्या गाडीला आधार नाही.

जहाज कंपनी भरून देईल, हाही भरवसा धरू नये. समुद्राची संकटे, आग अशा कारणांसाठी मालवाहकाला कायद्यातच सूट आहे आणि जबाबदारी येते तिथेही रकमेला मर्यादा असते. म्हणून वेगळा सागरी विमा घ्यायचा, तोही पुण्यातल्या दारापासून तिकडच्या दारापर्यंतचा. त्यात ए, बी, सी अशी कलमे असतात. ‘ए’ सगळ्यात व्यापक, ‘सी’ सगळ्यात तुटपुंजे. आधीचे डेंट, नैसर्गिक झीज आणि उशिरामुळे झालेले नुकसान ‘ए’मध्येही बसत नाही.

समुद्र सहसा काही करत नाही, असे वर म्हटले. त्यातला ‘सहसा’ महत्त्वाचा. २५ मे २०२५ रोजी विझिंजमहून कोचीला निघालेले एमएससी एल्सा ३ हे जहाज ६४० कंटेनरसह बुडाले. तो किनाऱ्याकिनाऱ्याचा छोटा प्रवास होता. पंधरवड्याने, ९ जूनला, कोलंबोहून न्हावा-शेवाला येणाऱ्या वान हाय ५०३ वर केरळच्या समोर आग लागली.

यालाच जोडून ‘माझी गाडी धडधाकट पोचली, तर मला कशाचे पैसे?’ हा प्रश्न येतो. याचे उत्तर ऐकून मावसभावाने फोनवर चक्क ‘हा अन्याय आहे’ म्हटले. सागरी व्यवहारात ‘जनरल ॲव्हरेज’ नावाचे फार जुने तत्त्व आहे. जहाज संकटात असताना सर्वांना वाचवण्यासाठी काही माल समुद्रात टाकावा लागला किंवा मोठा खर्च करावा लागला, तर तो भार जहाज आणि त्यावरचे सगळे मालवाले आपापल्या मालाच्या किमतीच्या प्रमाणात वाटून घेतात. ज्यांचा माल शाबूत आहे तेसुद्धा. हमी दिल्याशिवाय माल सुटत नाही. मार्च २०२१ मध्ये सुएझ कालव्यात अडकलेल्या एव्हर गिव्हनच्या मालकाने हेच जाहीर केले होते. सागरी विम्याची ए, बी, सी तिन्ही कलमे हा वाटा उचलतात. अगदी ‘सी’ घेतले, तरी एवढ्या एका कारणासाठी प्रीमियम वसूल आहे.

‘खाऱ्या वाऱ्याने गाडी वाटेतच गंजते’

बंद कंटेनरमध्ये आठ-दहा दिवसांत गाडी गंजत नाही. पण कंटेनरला घाम येतो. दिवसा पत्रा तापतो, आतली हवा दमट होते. रात्री छत गार पडले की तोच ओलावा थेंब होऊन खाली टपकतो. निघताना गाडी चकाचक दिसावी म्हणून आदल्या संध्याकाळी आम्ही ती धुतली. मॅट ओले राहिले. सव्वीस दिवसांनी गाडी हातात आली, तेव्हा आत जून महिन्यात बंद पडलेल्या माजघरासारखा वास होता आणि मागच्या सीटवर पांढरी बुरशी. चूक आमचीच. गाडी कोरडी, मॅट काढलेले आणि आत ओलावा शोषणाऱ्या पिशव्या, एवढे पुरे होते.

गंज धरतो तो तिथे राहिल्यावर. अंदमानात वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस. रत्नागिरीकर म्हणेल, आमच्याकडेही पडतो. खरे आहे, पण तिथे मे महिन्यात नैऋत्य मोसमी पाऊस येतो आणि तो गेल्यावर परतीचा, म्हणजे वाळायला सवड कमी. गाडी खालून गोड्या पाण्याने धुणे आणि दाराच्या खालची पाणी जाण्याची भोके मोकळी ठेवणे ही तिथली नित्याची कामे आहेत. निघण्यापूर्वी अंडरबॉडी कोटिंग करून घेतले तर उत्तम.

‘एमएच नंबर कायम चालतो’ आणि ‘उतरल्या दिवशी बदलावा लागतो’

दोन्ही चूक. मोटार वाहन कायद्याच्या कलम ४७ प्रमाणे गाडी दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून जास्त ठेवायची असेल, तर तिथला नंबर घ्यावा लागतो. अंदमानात तो एएन ने सुरू होतो. त्यासाठी इथल्या आरटीओची एनओसी हवी, म्हणजे फॉर्म २८. त्यावर चासी नंबरचा पेन्सिलने घासलेला ठसा लागतो. गाडी कंटेनरमध्ये गेल्यावर हे आठवून उपयोग नाही. गाडीवर कर्जाचा बोजा असेल, तर बँकेची संमती आधी. महाराष्ट्रात एकरकमी भरलेल्या रस्ता कराचा उरलेला भाग तिकडे नोंदणी झाल्यावर मागता येतो, मात्र अर्ज आपणच करायचा असतो. २०२१ पासून सुरू झालेली बीएच मालिका असेल, तर नंबर बदलायची गरजच नाही. ज्यांची नोकरी बदलीची आहे, त्यांनी नवी गाडी घेतानाच तिचा विचार करावा.

सीएनजीवाल्यांसाठी एकच वाक्य: बेटांवर पंप नाहीत, गाडी पेट्रोलवरच चालवावी लागेल.

मग न्यावी की विकावी?

माझे मत सरळ आहे. गाडी पाच वर्षांच्या आतली आणि मुक्काम तीन वर्षांचा असेल तर न्यावी. नाहीतर इथे विकून तिकडे घ्यावी, पोर्ट ब्लेअरमध्ये शोरूम आहेत. आणि गाडी फिरवायला रस्ता किती, तेही पाहावे. उत्तरेकडे दिगलीपूरला जाणारा अंदमान ट्रंक रोड जारवांच्या राखीव क्षेत्रातून जातो. जिरकाटांगपासून पुढे पोलिसांच्या ताफ्यासोबतच जायचे, वेग ताशी चाळीस, थांबायचे नाही, फोटो काढायचे नाहीत. पुढे मिडल स्ट्रेटला मावसभावाने गाडी बार्जवर चढवली, हँडब्रेक ओढला, खाली उतरला आणि मला फोटो पाठवला: ‘दाभोळ-धोपावे!’

तुम्ही निघत असाल तर एवढे करा. आरसी, एनओसी आणि दोन्ही विम्यांचे मूळ कागद डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवू नका, विमानातल्या हातबॅगेत ठेवा. आमची एनओसी कप्प्यात राहिली होती आणि कंटेनरला सील लागले होते.