नळी घडविणारे हात

बंदूक घरच्या घरीं बनवितां येते, हें ऐकून आमच्या पुष्कळ वाचकांस नवल वाटेल. अमेरिकेंत स्वतःच्या उपयोगापुरती बंदूक घरीं तयार करण्यास तेथील संघराज्याचा कायदा सामान्यतः आडवा येत नाहीं. कांहीं राज्यांनीं मात्र आपापले निर्बंध घातले आहेत. आपल्याकडे कोणी सुतारकाम हौसेनें करितो, त्याचप्रमाणें रायफल तयार करणारे हौशी गृहस्थ तिकडे आहेत. आमच्या देशांत १९५९ च्या शस्त्रकायद्याप्रमाणें परवान्यावांचून बंदूक बनविणें हा गुन्हा असून, २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्यास सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत शिक्षा सांगितली आहे. तेव्हां कोणा उत्साही तरुणानें हा लेख वाचून भट्टी पेटवूं नये, एवढें प्रथमच सांगून ठेवितों. परंतु हीच विद्या एके काळीं आपल्या लोहारांच्या अंगणांत नांदत होती, आणि तिचें पुढें काय झालें ही हकीकत आम्हां कृष्णाकांठच्या माणसांनीं तरी ठाऊक करून घेण्याजोगी आहे.

आमच्या संस्कृतज्ञ मित्रांना शुक्रनीतींतील ‘नालिक’ अस्त्राचा मोठा अभिमान वाटतो. लघु व बृहत् असे नालिकाचे दोन प्रकार, सोरा, गंधक व कोळसा यांचें चूर्ण, हें सर्व तेथें आहे खरें. पण तो भाग, किंबहुना तो ग्रंथच, बराच अलीकडचा असावा असें अनेक विद्वानांचें मत आहे. डळमळीत आधारावर अभिमान कशास बाळगावा? भक्कम आधार गोव्याचा आहे. १५१० सालीं गोवें जिंकणारा पोर्तुगीज सेनापति आल्बुकेर्क यानें १५१३ सालीं आपल्या राजास पत्र लिहिलें, त्यांत गोव्याचे बंदूक-कारागीर बोहेमियाच्या कारागिरांच्या तोडीचे असल्याची ग्वाही आहे. शत्रूनें दिलेलें हें प्रशस्तिपत्र कोणत्याही श्लोकाहून मला अधिक मोलाचें वाटतें.

बंदुकींत खरें कठीण काम एकच, तें नळीचें. दस्ता सुतार करील. चाप आणि रंजकाचा कान कोणीही हुशार लोहार बसवील. हल्लीं पोलादाच्या भरीव कांबेस यंत्रावर आरपार भोंक पाडून नळी करितात. जुन्या लोहारापाशीं असें यंत्र कोठून असणार? भाता, ऐरण, घण, सांडस, छिन्नी, कानस आणि सामता, एवढीच त्याची संपत्ति. म्हणून तो उलट वाटेनें जाई. लोखंडांत भोंक पाडण्याऐवजीं तो भोंकाभोंवतीं लोखंड गुंडाळी.

या गुंडाळण्याच्या दोन रीती अबुल फजल यानें ‘आईन-इ-अकबरी’त दिल्या आहेत. जुनी रीत अशी कीं, लोखंड ठोकून त्याची लांब पट्टी करावयाची, तिच्या दोन्ही कडा वळवून एकमेकींस भिडवावयाच्या, आणि तापवून जोडावयाच्या. हा सांधा नळीच्या लांबीभर सरळ जाई. दारूचा जोर आंतून चोहोंकडे सारखाच पडतो, पण उकलतें तें दुबळें असेल तेथें. तेव्हां सांधा उलून नळी फुटे आणि बार उडविणाऱ्याचा हात किंवा डोळा जाई. अकबराच्या कारखान्यांत पट्टी तिरपी गुंडाळण्याची रीत आली. कागदाची सुरळी करतांना आपण कागद जसा तिरका वळवितों, तसें तें काम. प्रत्येक वेढा आधींच्या वेढ्यावर थोडा चढलेला, आणि प्रत्येक वेढ्यागणिक लोखंड पुन्हां भट्टींत. असा सांधा नळीभोंवतीं फिरत जातो, त्यामुळें दाबाला उकलण्यास सरळ वाट सांपडत नाहीं.

हें लिहावयास सोपें आहे. लोखंड पांढरें होऊन ठिणग्या सोडूं लागलें कीं त्याच क्षणीं घण पडला पाहिजे. आधीं पडला तर सांधा धरत नाहीं, मागाहून पडला तर लोखंड जळून जातें. उष्णतामापक यंत्र नाहीं, घड्याळ नाहीं. डोळा सांगेल तें प्रमाण. पुढें लांब दांड्याच्या सामत्यानें आंतली बाजू कोरून साफ करावयाची. अकबराच्या येथें एक चाक होतें, तें गाय फिरवी आणि एकदम सोळा नळ्या आंतून साफ होत; पण खेड्यांतल्या लोहाराला आपले दोन हातच. शेवटीं नळी सरळ आहे कीं नाहीं याची परीक्षा. जुने कारागीर नळीच्या आरपार एक दोरा ताणून धरीत आणि उजेडाकडे तोंड करून आंत पाहात. दोऱ्याची छाया कोठें वांकडी दिसली कीं त्या जागीं हलका ठोका. सुताएवढा फरक अशा रीतीनें हुडकून काढणारा डोळा किती वर्षांनीं तयार होत असेल, याचा विचार ज्यानें त्यानें करावा.

येथवर मीं बंदूक म्हटलें, रायफल म्हटलें नाहीं. रायफलीच्या नळींत आंतून पिळाच्या खाचा असतात. गोळी त्यांतून जातांना फिरूं लागते, आणि फिरता भोंवरा जसा तोल सोडीत नाहीं, तशी ती नेमक्या दिशेनें दूर जाते. ही युक्ति सुमारें १५०० सालाच्या आसपास जर्मन मुलुखांत निघाली. अमेरिकेंत पेन्सिल्वेनियाकडे जाऊन राहिलेल्या जर्मन लोहारांनीं अठराव्या शतकांत ती घरगुती दुकानांत चालविली. पीळ कोरलेला एक लांकडी ओंडका, त्याच्या आधारें वळत जाणारा दांडा, दांड्याच्या टोंकास बारीक दांत; तो दांडा दिवसभर ओढावा व ढकलावा, तेव्हां केंसाकेंसानें खांच खोल होई. आजचे तिकडील हौशी लोक ज्या परंपरेचें नांव घेतात ती हीच. आमच्याकडील तोड्याची बंदूक मात्र बहुधा आंतून गुळगुळीतच राहिली. १८५७ च्या काडतुसांची कथा सर्वांस ठाऊक आहे. तीं काडतुसें ज्या एन्फील्ड बंदुकीचीं, तिच्या नळींत पिळाच्या तीन खाचा होत्या, आणि तिच्यासारख्या हजारों बंदुका विलायतेंत यंत्रावर निघत होत्या. अशा मालापुढें अंगणांतील भाता किती दिवस टिकणार?

लॉर्ड लिटनच्या कारकीर्दींतील १८७८ च्या शस्त्रकायद्यानें आपले कारागीर बुडविले, असें सर्रास म्हणतात. कायदा अपमानकारक होता यांत संशय नाहीं. हिंदी माणसास परवाना आणि गोऱ्यास सूट, असा तो होता. परंतु सनावळी नीट पाहिली तर असें दिसेल कीं, घाव त्याच्या आधींच बसला होता. १८१८ मध्यें पेशवाई गेली, फौजा मोडल्या, आणि हत्यारें घडविणाऱ्या व पाजळणाऱ्या लोकांचें गिऱ्हाईकच नाहींसें झालें. ‘शिकलगार’ हा शब्द मुळांत झिलई देणारा या अर्थाच्या ‘सैकल’ शब्दापासून आलेला. त्या नांवाचीं घरें आपल्या भागांत आजही आहेत. त्यांतील पुष्कळांच्या वांट्यास पुढें सुऱ्या-कात्र्यांना धार लावण्याचें व किल्ल्या बनविण्याचें काम आलें. ज्या हातानें तलवारीचें पाणी राखलें त्यानें विळी घासीत बसावें, यांत कमीपणा नसेल; पण त्या हाताला येत असलेल्या विद्येपैकीं फार थोडी विद्या तेथें खर्च होते.

मिरजेस मात्र निराळें घडलें. आमच्या मलकापुराहून कऱ्हाडास येऊन आगगाडींत बसलें कीं मिरज दूर नाहीं. पटवर्धनांच्या त्या संस्थानांत गवयांना आश्रय होता आणि त्यांचे तंबोरे दुरुस्त करणारें माणूस हवें होतें. १८५० च्या सुमारास फरीदसाहेब शिकलगार यांनीं हत्यारांचें काम मागें टाकून तें काम हातीं घेतलें, आणि पुढें तंबोरे व सतारी स्वतः तयार करूं लागले. त्यांच्या मागून सबंध पेठच उभी राहिली. ‘सतारमेकर’ हें आडनांव त्यांतूनच आलें. लहानपणीं शोभेच्या दारूनें डोळे अधू झालेले विष्णु दिगंबर पलुस्कर याच मिरजेंत बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांपाशीं गाणें शिकले, आणि किराणा घराण्याचे अब्दुल करीमखां यांनीं मिरजेस आपलें घर केलें. त्यांची कबर तेथील दर्ग्यांत आहे. १९३७ पासून त्या दर्ग्याची वाट गवयांना निराळ्या कारणानेंही ओळखीची झाली.

२०२४ सालीं मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालें. भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याकडील भीमाकांठचे येतात, लांकूड तुणीचें. हें सर्व जमवितां येतें. जमवितां येत नाहीं ती जवारी. तारा ज्या घोडीवरून जातात तिचा माथा कानशीनें असा घांसावयाचा कीं, तार त्यास लागते आहे न लागते आहे अशी टेंकावी, आणि सूर भरून उमटावा. तेथें मोजपट्टी चालत नाहीं. कारागीर एक हात घांसतो, तार छेडतो, ऐकतो, घोडीवर तारेखालीं सुताचा धागा किंचित् सरकवितो, पुन्हां ऐकतो. कानस एक हात जास्त फिरली, तर माथा सपाट करून सारें काम आरंभापासून करावें लागतें.