‘अहो’ आणि ‘अरे’चा हिशेब

एखाद्या म्हाताऱ्या माणसाला भरचौकात कोणी ‘ए’ करून हाक मारली, तर त्याचा पुरावा काय द्यायचा? मारहाण झाली तर वळ दाखवता येतो. पैसे बुडवले तर पावती पुढे करता येते. पण बोलण्यातून झालेला अपमान कोणाला दाखवायचा? तक्रार केली तर ऐकणारा म्हणतो, “अहो, त्याची बोलायची पद्धतच तशी आहे, तुम्हीच मनाला लावून घेता.” हे उत्तर आपल्या वाडवडिलांनी पिढ्यान्‌पिढ्या ऐकले आहे. गावात सखारामचा सख्या व्हायचा, गोविंदाचा गोंद्या व्हायचा. मिसरूडही न फुटलेले पोर आपल्या आजोबांना अरे-तुरे करायचे आणि आजोबांनी वाकून ‘जोहार’ घालायचा. तो जोहार जाऊन ‘जयभीम’ कसा आला, हे या पानाच्या वाचकांना सांगायला नको.

परंतु बोलण्यातला हा भेदभाव कोणी वजनकाट्यावर घालून मोजून दाखवील काय? अमेरिकेत ओकलंड नावाच्या शहरात असे मोजमाप झाले आहे. हजारो वाक्यांचा साठा संगणकाच्या साहाय्याने तपासून त्यातून निष्कर्ष काढण्याच्या या शास्त्राला आज ‘बिग डेटा’ म्हणतात. शब्द मोठा आहे, पण आपल्या कामाचा आहे. म्हणून ही हकिगत सविस्तर देत आहे.

ओकलंड म्हणजे कोणते गाव?

ओकलंड हे कॅलिफोर्निया राज्यातले बंदराचे शहर. सॅन फ्रान्सिस्कोच्या समोर, खाडीच्या दुसऱ्या काठावर ते वसले आहे. आपल्याला हे नाव परके वाटू नये. १९६६ साली ह्यूई न्यूटन आणि बॉबी सील या दोन काळ्या तरुणांनी ‘ब्लॅक पँथर’ संघटना स्थापन केली ती याच शहरात. त्याच नावावरून १९७२ साली मुंबईत आपली दलित पँथर उभी राहिली. ओकलंडच्या पँथरांचे पहिले काम काय होते? पोलिसांच्या गाडीमागे आपली गाडी लावायची, पोलिसांनी काळ्या माणसाला अडवले की ठराविक अंतरावर उभे राहायचे, त्या काळच्या कायद्याने परवानगी असलेले हत्यार बाळगायचे आणि कायद्याचे पुस्तक काढून त्या माणसाला त्याचे हक्क मोठ्याने सांगायचे. थोडक्यात, पोलीस काय बोलतो आणि काय करतो यावर लोकांचा डोळा असला पाहिजे, हा विचार त्या शहरात जुना आहे.

पुढे २००० साली तिथे मोठे प्रकरण बाहेर आले. ‘रायडर्स’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पोलिसांच्या एका टोळक्यावर लोकांना मारहाण केल्याचे आणि खोटे पुरावे लादल्याचे आरोप झाले. ११९ लोकांनी दावा लावला. २००३ साली तडजोड झाली आणि न्यायालयाच्या देखरेखीखाली पोलीस खात्यात सुधारणा करायचे ठरले. रस्त्यात अडवलेल्या प्रत्येक माणसाची नोंद ठेवायची, हे त्यातलेच एक कलम. ११९ माणसे न्यायालयाची पायरी चढली नसती, तर पुढचा कोणताच आकडा आज आपल्या हाती नसता.

या नोंदी तपासण्याचे काम स्टॅनफर्ड विद्यापीठातील मानसशास्त्राच्या प्राध्यापिका जेनिफर एबरहार्ट यांच्याकडे आले. त्या स्वतः कृष्णवर्णीय आहेत. एप्रिल २०१३ ते एप्रिल २०१४ या तेरा महिन्यांत ओकलंड पोलिसांनी २८,११९ वेळा लोकांना अडवले होते. त्यात काळ्यांचे प्रमाण ६० टक्के निघाले. शहराच्या लोकसंख्येत मात्र ते २८ टक्केच होते. हा अहवाल २०१६ साली प्रसिद्ध झाला.

तरीही एक गोष्ट वहीतल्या नोंदीत सापडत नव्हती. अडवल्यावर पोलीस बोलला कसा?

साडेछत्तीस हजार वाक्ये

त्या वेळी ओकलंडचे पोलीस छातीवर छोटा कॅमेरा लावून फिरत. तक्रार किंवा खटला झाला तरच ही चित्रफीत कोणी पाहायचे, एरवी ती पडून राहायची. एबरहार्ट यांनी भाषाशास्त्र आणि संगणकशास्त्राचे प्राध्यापक डॅन जुराफस्की, त्यांचे विद्यार्थी रॉब व्हॉइट आणि इतर संशोधक यांच्यासह एप्रिल २०१४ या एका महिन्याच्या फिती घेतल्या. वाहन अडवल्याचे ९८१ प्रसंग, त्यात ६८२ चालक काळे आणि २९९ गोरे. पोलीस २४५. एकूण १८३ तासांचे बोलणे. माणसांकडून ते शब्दशः उतरवून घेतले, तेव्हा पोलिसांच्या तोंडची ३६,७३८ वापरण्याजोगी वाक्ये हाती आली.

कारकुनी हिशेबाने सांगायचे, तर रोज आठ तास ऐकायला बसले तरी १८३ तास संपायला तेवीस दिवस लागतील, आणि ते नुसते ऐकायला. प्रत्येक वाक्याला गुण द्यायचे म्हटले तर माणूस थकतो, कंटाळतो. सकाळी कडक गुण देतो आणि संध्याकाळी सढळ. शिवाय त्याच्या मनात राग-लोभ असतोच.

म्हणून त्यांनी युक्ती केली. आधी फक्त ४१४ वाक्ये निवडून ती ७० सामान्य माणसांना वाचायला दिली. चालक काळा होता की गोरा, हे त्यांना कळू दिले नाही. हे बोलणे किती आदराचे, किती सभ्य, किती आपुलकीचे, एवढेच त्यांनी सांगायचे. तरीसुद्धा काळ्यांशी बोललेल्या वाक्यांना आदराचे गुण कमीच पडले.

मग या गुणांवरून संगणकाला शिकवले. कोणत्या शब्दाने आदर वाढतो आणि कोणत्याने घटतो, याची ती एक यादीच झाली. ‘माफ करा, तुम्हाला थांबवावे लागले’ यात दिलगिरी आहे. ‘सर’, ‘मॅडम’ म्हणणे, आडनावाने बोलावणे, आभार मानणे, ‘काळजी करू नका’ असा धीर देणे, ‘सांभाळून गाडी चालवा’ असे सांगणे, याने आदर वाढतो. उलट नुसत्या पहिल्या नावाने बोलावणे, ‘काय दोस्ता’ अशी सलगी करणे, ‘हात स्टिअरिंगवर ठेव’ असे फर्मावणे, याने तो घटतो. आपल्या गोंद्या आणि सख्याची आठवण येते ती इथेच. इंग्रजीत ‘तू’ आणि ‘तुम्ही’ यांना एकच शब्द आहे, तरी माणसाला खाली दाखवायला ती भाषा कमी पडत नाही.

शेवटी संगणकाने सगळी ३६,७३८ वाक्ये तपासली. जून २०१७ मध्ये निष्कर्ष छापून आले. सर्वात जास्त आदराची वाक्ये कानी पडण्याची शक्यता गोऱ्या माणसाला ५७ टक्क्यांनी अधिक, तर सर्वात कमी आदराची वाक्ये ऐकण्याची शक्यता काळ्या माणसाला ६१ टक्क्यांनी अधिक. नुसते पोलिसाचे शब्द पाहून समोरचा काळा की गोरा, हे संगणक शंभरात ६६ वेळा बरोबर सांगू शकत होता.

यावर कोणी म्हणेल, काळ्यांचा गुन्हाच मोठा असेल, किंवा वस्ती तशी असेल. बी. कॉम.ला आम्हाला संख्याशास्त्राचा पेपर होता. त्यात पहिला धडा हाच, की तुलना सारख्याची सारख्याशीच करायची. संशोधकांनी तेच केले. गुन्हा किरकोळ की मोठा, ठिकाण कोणते, शेवट ताकिदीवर झाला की दंडावर, हे सगळे हिशेबात धरले. फरक कायम राहिला. पोलीस कोणत्या वंशाचा आहे हेही धरले, तरी फरक गेला नाही. या शेवटच्या मुद्द्यावर मी बराच वेळ अडकलो. आपला माणूस खुर्चीवर बसला की सगळे बदलेल, असे आपण सभांमधून सांगत आलो आहोत.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. त्या फितींमध्ये पोलिसांनी काळ्यांना शिव्याशाप दिले, असे संशोधकांचे म्हणणे नाही. एकंदरीत पोलीस बऱ्यापैकी सभ्यच बोलत होते. फरक बारीक होता. एखाददुसरी फीत पाहून तो पकडताही आला नसता. पण मिठाचा खडा एका घोटात कळला नाही, तरी रोज तेच पाणी पिणाऱ्याला कळतोच.

सूर, आणि पहिले ४५ शब्द

शब्द तर झाले, पण सुराचे काय? २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या पुढच्या अभ्यासात आवाजातले शब्द ओळखू येणार नाहीत असे पुसून फक्त सूर लोकांना ऐकवला. काळ्या पुरुषांशी बोलतानाचा सूर ऐकणाऱ्यांना कमी आदराचा वाटला. २०२३ साली एबरहार्ट यांच्या सहकाऱ्यांनी काळ्या चालकांचे ५७७ प्रसंग तपासले. झडती, बेड्या किंवा अटक इथपर्यंत गेलेले प्रसंग पोलिसाच्या पहिल्या ४५ शब्दांतच वेगळे दिसू लागतात, असे आढळले. सुरुवातच हुकमाने होते आणि का थांबवले याचे कारण दिले जात नाही. पंचेचाळीस शब्द म्हणजे जेमतेम अर्धा मिनिट.

संगणक तरी निःपक्षपाती असतो, असे समजून भुलू नये. बोलणे ऐकून आपोआप लिहून काढणाऱ्या पाच मोठ्या अमेरिकन कंपन्यांच्या यंत्रांची २०२० साली परीक्षा घेतली गेली. गोऱ्यांच्या शंभर शब्दांमागे सरासरी १९ चुका, काळ्यांच्या शंभरामागे ३५. ज्यांचे बोलणे यंत्राला शिकवताना पुरेसे दिलेच नाही, त्यांचे बोलणे यंत्राला कळत नाही. या तपासणीतही जुराफस्की होते.

ओकलंडमध्ये पुढे पोलिसांना बोलण्याचे प्रशिक्षण दिले गेले, आणि त्याचा परिणामही त्याच फितींवरून मोजला. प्रशिक्षणाआधीचे चार आठवडे आणि नंतरचे चार आठवडे ताडून पाहिले, तेव्हा कारण सांगणे, धीर देणे, सुरक्षिततेची विचारपूस करणे, हे वाढलेले दिसले. २०२४ साली हे प्रसिद्ध झाले.

हे वाचून मी एक उद्योग केला. मी ज्या कचेरीत काउंटरवर बसतो, तिथे ड्रॉवरमध्ये एक कागद ठेवला आणि आठवडाभर माझ्याच बोलण्याच्या रेघा ओढल्या. इस्त्रीचा शर्ट घालून आलेल्याला ‘या, बसा’. हातगाडीवाल्याला, मजुराला, ‘काय पाहिजे? थांब जरा.’ कागद घरी आणून सौभाग्यवतींना दाखवला. त्या म्हणाल्या, “यासाठी अमेरिकेला कशाला जायचे? मला विचारायचे होते.”

आपल्याकडच्या एका निकालाची माहिती मात्र वाचकांनी जपून ठेवावी. २ डिसेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने परमवीर सिंग सैनी विरुद्ध बलजित सिंग या प्रकरणात आदेश दिला, की देशातील प्रत्येक पोलीस ठाण्यात सीसीटीव्ही कॅमेरे बसवावेत आणि त्यात चित्राबरोबर आवाजही नोंदला जावा. हे चित्रीकरण १८ महिने, ते जमत नसेल तर कमीत कमी एक वर्ष जपून ठेवायचे आहे. ठाण्यात बळाचा वापर होऊन गंभीर दुखापत किंवा मृत्यू झाला, तर राज्य मानवी हक्क आयोगाकडे किंवा मानवी हक्क न्यायालयाकडे तक्रार करता येते आणि ते हे चित्रीकरण मागवून घेऊ शकतात. तेव्हा पोलीस ठाण्यात जाण्याचा प्रसंग आलाच, तर आत गेल्याची तारीख, वेळ, आणि कोणत्या खोलीत बसवले, हे बाहेर येताच कागदावर लिहून ठेवावे.