शनिवारी हरवणारं वायफाय

आमच्या खंडाळ्याच्या घरातला जुना लॅपटॉप सोमवार ते शुक्रवार नीट चालायचा आणि शनिवारी सकाळी घरचं वायफाय विसरायचा. घरातल्या तिन्ही मोबाइलना राउटर दिसत असे. लॅपटॉपच्या यादीत मात्र आजूबाजूच्या बंगल्यांची, हॉटेलांची नावं यायची आणि नेमकं आमचं नाव नसायचं. रविवारी रात्री पाहुण्यांच्या गाड्या घाट उतरल्या, की सोमवारी दुपारपर्यंत ते परत यायचं.

पहिला संशय पावसावर. वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस झेलणाऱ्या या गावात लाइट गेली, फोन मुका झाला, की बोट ढगाकडेच जातं. पण वायफायच्या २.४ गिगाहर्ट्‌झच्या लहरींची लांबी असते साडेबारा सेंटिमीटर. काही मिलिमीटरचे थेंब त्या लहरींना फारसे अडवत नाहीत. ओल चढलेली जाड दगडी भिंत त्याहून कितीतरी जास्त लहरी गिळते. आणि ती भिंत तर सोमवारीही तिथेच उभी असते.

दुसरा संशय लोकांनी सुचवला : ‘कार्डाचं फर्मवेअर जुनं झालंय, नवं टाका.’ हा लॅपटॉप माझ्या मामेबहिणीनं दहा-अकरा वर्षांपूर्वी अमेरिकेहून आणलेला. त्यामुळे हा सल्ला पटण्यासारखा होता. मी शोधाला लागलो आणि त्या शोधात जे कळलं ते सांगावंसं वाटतं.

वायफायचं कार्ड म्हणजे लॅपटॉपच्या पोटात बसलेला दुसरा, चिमुकला संगणक. त्याला स्वतःचं काम इतक्या झटपट करावं लागतं की मुख्य प्रोसेसरला विचारत बसायला सवड नसते. राउटरकडून आलेलं माहितीचं पाकीट शाबूत मिळालं, की कार्डानं पोच द्यायची असते. २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात ती पोच अवघ्या १० मायक्रोसेकंदांच्या अंतरानं सुटावी लागते. एका सेकंदाचे एक लाख भाग करा, त्यातला एक. मुख्य प्रोसेसर त्या क्षणी गाणं वाजवत असेल नाहीतर पत्र छापत असेल. म्हणून अशी कामं काही प्रमाणात कार्डाच्या मंडलांत कोरलेली असतात आणि बाकीची कार्डावर चालणारी आज्ञावली सांभाळते. चॅनेल बदलणं, वीज वाचवायला डुलकी घेणं, गुप्तलेखनाच्या किल्ल्या सांभाळणं, यांतलं पुष्कळसं तीच करते. तिलाच फर्मवेअर म्हणतात. सगळ्या कार्डांना ती लागतेच असंही नाही. अथेरॉस कंपनीच्या बऱ्याच जुन्या कार्डांत हा भार कार्डाची मंडलं आणि लॅपटॉपमधला ड्रायव्हर वाटून घेतात. वेगळी फर्मवेअर फाइल त्यांना लागतच नाही. ज्यांच्याकडे ती कार्डं आहेत ते सुखी आहेत.

आता ही आज्ञावली राहते कुठे? लॅपटॉपच्या बहुतेक कार्डांवर ती कायमची लिहिलेली नसते. ती असते लॅपटॉपच्या डिस्कवर, एका लहानशा फाइलच्या रूपात. लॅपटॉप सुरू झाला की ड्रायव्हर ती फाइल उचलतो आणि कार्डाच्या स्मरणात भरतो. वीज गेली की कार्ड सगळं विसरतं आणि पुढच्या वेळी पुन्हा पहिल्यापासून शिकतं. म्हणजे अशा कार्डाचं फर्मवेअर बदलणं म्हणजे डिस्कवरची एक फाइल बदलणं. नवी मानवली नाही तर जुनी परत ठेवायची. कार्ड कायमचं निकामी होईल ही भीती इथे जवळजवळ नसते. राउटरची गोष्ट वेगळी. त्याचं फर्मवेअर त्याच्या आतल्या चिपवर लिहिलं जातं, आणि लिहिता लिहिता लाइट गेली तर राउटर उठेलच याची खात्री नाही. आषाढात खंडाळ्यात राउटरचं अपडेट सुरू करताना मी तरी दहादा विचार करीन.

खरी अडचण आहे ती बरोबर फाइल ओळखण्याची. माझी भाची पुण्यात इलेक्ट्रॉनिक्स शिकते. फोनवर मी तिला कार्डाचं नाव सांगू लागलो तर म्हणाली, “मामा, नाव राहू दे, आतला नंबर वाच.” प्रत्येक कार्डाच्या आत दोन क्रमांक असतात, एक कंपनीचा आणि एक चिपचा. विंडोजमध्ये डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डाच्या ‘हार्डवेअर आयडी’त ते दिसतात, लिनक्समध्ये एका आज्ञेनं. इंटेलनं आपला कंपनी-क्रमांक घेतला ८०८६, आपल्या गाजलेल्या प्रोसेसरचाच आकडा.

नाव का चालत नाही, याचं उदाहरण बाजारातच आहे. टीपी-लिंकचा डब्ल्यूएन-७२२एन हा यूएसबीचा वायफाय डोंगल खूप खपला. त्याच्या पहिल्या आवृत्तीत अथेरॉसची चिप होती, दुसरीपासून रिअलटेकची. नाव तेच, खोकं तसंच, आतलं यंत्र निराळं. एकाचं फर्मवेअर दुसऱ्याला उपयोगाचं नाही.

दुसरा गैरसमज नव्याच्या हव्यासाचा. इंटेलच्या ७२६० या कार्डाच्या फर्मवेअरच्या पिढ्या १७ व्या क्रमांकावर थांबल्या. लिनक्सचा आजचा ड्रायव्हरही या कार्डासाठी १७ चीच फाइल मागतो. पुढच्या आकड्यांच्या फाइली दिसतात त्या दुसऱ्या चिपांच्या. जुन्या कार्डासाठी योग्य फाइल कित्येक वर्षं जुनी असू शकते, आणि तीच त्याची शेवटची आणि सर्वांत चांगली फाइल असते.

या सगळ्याचा एक धडा आमच्या घाटाखाली, रायगड जिल्ह्यातल्या खैराटच्या छोट्याशा शाळेत २००७ साली गिरवला गेला. ‘वन लॅपटॉप पर चाइल्ड’ या प्रकल्पाचे हिरवे-पांढरे एक्सओ लॅपटॉप त्या शाळेतल्या मुलांच्या हाती आले. ४३३ मेगाहर्ट्‌झचा प्रोसेसर, २५६ मेगाबाइट स्मरण, आणि वर सशाच्या कानांसारखे दोन फिरते अँटेना. कल्पना फार सुंदर होती. गावात इंटरनेटची तार एकाच ठिकाणी पोचली, तरी एका मुलाचा लॅपटॉप दुसऱ्याचा निरोप तिसऱ्याकडे पोचवील आणि लॅपटॉपांचंच जाळं विणलं जाईल. एवढंच नव्हे, लॅपटॉपचा मुख्य प्रोसेसर झोपला असला तरी त्यातलं वायफाय कार्ड जागं राहून शेजाऱ्याचा निरोप पुढे ढकलत राहील. हे शक्य व्हायचं तर जाळं विणण्याचं शहाणपण कार्डाच्या फर्मवेअरमध्येच असायला हवं होतं. मार्वेल कंपनीच्या ८८डब्ल्यू८३८८ या चिपसाठी ते तसं लिहिलं गेलं.

ते फर्मवेअर बंदिस्त होतं, त्याचा मूळ मजकूर कुणाला पाहता येत नव्हता. मुलांना मोकळ्या सॉफ्टवेअरवर वाढवायला निघालेल्या प्रकल्पात हे कसं, असा वाद २००६ मध्येच पेटला. ओपनबीएसडी या मोकळ्या ऑपरेटिंग सिस्टिमचे थिओ द राट यांनी तो जाहीरपणे मांडला. मला त्यांचं म्हणणं पटतं. तीच चिप इतर उपकरणांतही होती, पण त्यांच्या साध्या फर्मवेअरला एक्सओचं हे जाळं विणता येत नव्हतं. आजही लिनक्सच्या सार्वजनिक फर्मवेअर-कोठारात या एका चिपसाठी वेगवेगळ्या फाइली आहेत आणि त्यांतली एक प्रकल्पाचं नाव लावून वेगळी ठेवलेली आहे. पुढच्या एक्सओ-१.५ मध्ये चिप बदलली आणि जाळ्याची ती सोय गेली. ज्याचा मूळ मजकूर हाती नाही, ते नव्या चिपवर कोण नेणार? याउलट अथेरॉसच्या एआर९२७१ या यूएसबी चिपचं फर्मवेअर २०१३ मध्ये मूळ मजकुरासह खुलं झालं. ७२२एनच्या पहिल्या आवृत्तीत हीच चिप आहे. कंपनीनं लक्ष काढून घेतलं तरी तिची डागडुजी कुणालाही करता येते.

ज्या कोठाराचा उल्लेख केला ते २००८ पासून उभं राहिलं. तिथली फाइल तिथे असते कारण कंपनीनं ती वाटायची परवानगी दिलेली असते. मूळ मजकूर नसला तरी निदान फाइल सापडते. डेबियन या लिनक्स-वितरणानं तर सभासदांचं मतदान घेऊन ठरवलं आणि २०२३ च्या बाराव्या आवृत्तीपासून अशा फाइली बसवणीच्या संचातच दिल्या. त्याआधी वायफायची फाइल उतरवायला इंटरनेट हवं आणि इंटरनेटला वायफाय हवं, या पेचात कितीतरी लोक अडकले. अनोळखी ठिकाणची, कुणीतरी चढवलेली फाइल मात्र कधीच घेऊ नये. ती कार्डाच्या आत, आपल्या नजरेआड चालणार असते.

अपडेट करायचंच कशाला, असं कुणी विचारलं तर मी ऑक्टोबर २०१७ ची आठवण देईन. बेल्जियममधल्या ल्यूव्हेन विद्यापीठाच्या माथी व्हानहूफ आणि फ्रँक पीसेन्स यांनी दाखवलं की, राउटर आणि लॅपटॉप यांच्या ओळख-परेडीतला तिसरा निरोप मुद्दाम पुन्हा पोचवला, तर आधी वापरलेली किल्ली पुन्हा पहिल्यापासून वापरली जाते आणि कुलूप सैल पडतं. हा दोष वायफायच्या नियमांतच होता. बहुतेक ठिकाणी तो ऑपरेटिंग सिस्टिमच्या दुरुस्तीनं बुजला, काही उपकरणांना फर्मवेअरही बदलावं लागलं. जुनं कार्ड चालू ठेवायचं तर एवढं पाहिलंच पाहिजे. फर्मवेअरला मर्यादाही आहेत. ज्या कार्डाचा रेडिओ फक्त २.४ गिगाहर्ट्‌झचा आहे, त्याला कोणतीही फाइल ५ गिगाहर्ट्‌झ ऐकवू शकत नाही.

आता आमचा शनिवार. भारतात २.४ गिगाहर्ट्‌झचा पट्टा २००५ मध्ये परवानामुक्त झाला. त्यात आपले राउटर १ ते १३ चॅनेल वापरू शकतात. अमेरिकेत विकली जाणारी कार्डं मात्र सहसा ११ वर थांबतात. देशाचा हा शिक्का कारखान्यातच कार्डावर उमटतो आणि फर्मवेअर तो पाळतं. आमचा राउटर ‘ऑटो’वर होता. शनिवारी बंगले भरले, शेजारचे राउटर जागे झाले, १, ६ आणि ११ वर गर्दी झाली, की तो शांत जागा शोधत १३ वर जाऊन बसायचा. मोबाइल इथले, त्यांना तो ऐकू यायचा. अमेरिकेचा लॅपटॉप तिकडे कान देतच नव्हता. हे भाचीनंच ओळखलं. कार्डाची फाइल तपासली, ती शेवटचीच निघाली. मग राउटर ६ वर पक्का केला. दोन मिनिटांचं काम. तो शिक्का खोडून कार्डाला १३ ऐकायला लावायच्या युक्त्या लोक सांगतात, पण त्या बेकायदा ठरू शकतात आणि त्यांची गरजही नाही.

तेव्हापासून आठ शनिवार झाले, एकदाही नाव गेलं नाही. तुमच्या घरात असा जुना लॅपटॉप असेल, तर भंगारात देण्याआधी त्याच्या कार्डाचे ते दोन क्रमांक आणि तो कोणत्या देशात विकत घेतला ते एका चिठ्ठीवर लिहून मागे चिकटवा. दुरुस्त करणारा पहिल्यांदा तेच विचारेल.