ट्रायकोग्रामाच्या वर्गीकरणातील शारीरिक लक्षणे

ट्रायकोग्रामा ही पतंगांच्या अंड्यांत आपली अंडी घालणाऱ्या, जेमतेम अर्धा मिलिमीटर लांबीच्या परोपजीवी गांधीलमाश्यांची प्रजाती आहे. इंदापूर तालुक्यातील कळंबसारख्या ऊसपट्ट्यात खोडकिडीविरुद्ध वापरावयाच्या ‘ट्रायकोकार्ड’वर हिनेच ग्रासलेली अंडी चिकटवलेली असतात. तीन खंडांचे पाऊल हे तिच्या कुलाचे लक्षण होय. पंखांवर केसांच्या ठळक रांगा असतात. जाती ओळखणे मात्र कठीण, कारण रंग तापमानानुसार बदलतो आणि माद्या जवळजवळ सारख्याच दिसतात. सुधा नागरकट्टी व एच. नागराज यांनी १९७१ मध्ये नराच्या जननेंद्रियाची रचना हा भरवशाचा निकष असल्याचे दाखवले. भारतात ‘ऑस्ट्रॅलिकम’ म्हणून नोंदलेली उसावरील जाती पुढे ट्रायकोग्रामा चिलोनिस ठरली. भातासाठी जापोनिकम ही निराळी जाती वापरतात. त्यामुळे कार्डासाठी माश्या वाढवणाऱ्या प्रयोगशाळेत नर सूक्ष्मदर्शकाखाली तपासावेच लागतात.