काटा खरं बोलतोय का?
(जुन्या मस्टँगचं सेंडिंग युनिट बदलताना)

मंडळी, 'दिसतं तसं नसतं, म्हणून जग फसतं' ही म्हण ज्याने काढली, त्याच्याकडे नक्कीच एखादी जुनी गाडी असणार! डॅशबोर्डवरचा काटा म्हणतो अर्धी टाकी, आणि गाडी हायवेच्या मधोमध आचके देत थांबते. आपल्यापैकी अनेकांनी देशात स्कूटर चालवली आहे. तिला काटाच नव्हता. बंद पडली की वाकून नळी 'रिझर्व्ह'वर फिरवायची, की झालं काम. जुन्या अमेरिकन गाडीला मात्र रिझर्व्ह नाही. सगळा भरवसा त्या एका काट्यावर.

आमच्या मंडळात जुन्या गाड्यांची हौस असलेले आम्ही चार-पाच जण आहोत. उन्हाळी पिकनिकला या गाड्यांतून मुलांना फेरी मारून आणायची आणि त्या बदल्यात मदतनिधीच्या डब्यात आईबाबांनी काहीतरी टाकायचं, असा आमचा रिवाज. गाडीत मुलं बसणार म्हटल्यावर पेट्रोलच्या टाकीशी संबंधित कुठलंही काम 'चालतंय तसं चालू दे' म्हणून सोडता येत नाही. म्हणून हा लेख. उदाहरणाला घेतली आहे १९६५ ची फोर्ड मस्टँग. (इथे पेट्रोलला गॅस म्हणतात, पण मराठीत गॅस म्हटला की शेगडी आठवते, म्हणून आम्ही पेट्रोलच म्हणणार!)

सेंडिंग युनिट म्हणजे काय?

टाकीच्या आत एक पोकळ फ्लोट असतो, पितळी. तो पेट्रोलवर तरंगतो. त्याची दांडी वर-खाली होते आणि एक छोटी पट्टी रेझिस्टन्सच्या तारेवर सरकते. एकच वायर तिथून डॅशबोर्डच्या गेजकडे जाते. परतीचा रस्ता टाकीच्या आणि गाडीच्या पत्र्यातून, म्हणजे ग्राउंडमधून. फोर्डच्या या काळातल्या गाड्यांत टाकी रिकामी असताना सुमारे ७३ ओहम आणि भरलेली असताना सुमारे १० ओहम मिळतात. त्याच सुमाराच्या जनरल मोटर्सच्या गाड्यांत हिशोब उलटा, रिकामी ०, भरलेली ९०. त्यामुळे 'बसतंय ना' म्हणून भलत्याच गाडीचं युनिट लावलं तर काटा उलटं बोलेल.

हल्लीच्या गाड्यांत याच युनिटला इलेक्ट्रिक पंप जोडलेला असतो. आपल्या कार्ब्युरेटरवाल्या गाडीत पंप इंजिनवर, साधा मेकॅनिकल. टाकीत असतो तो फक्त फ्लोट आणि पेट्रोल ओढणारी नळी, तिच्या टोकाला जाळीची पिशवी. म्हणून हे काम घरी करता येण्यासारखं आहे.

आधी निदान, मग पाना

नवीन भाग मागवण्याआधी खरा दोषी शोधा. पेट्रोल आणि तापमान असे दोन्ही काटे एकदमच चुकत असतील, तर संशय सेंडरवर नको. दोघांना सरासरी ५ व्होल्ट पुरवणारा छोटा रेग्युलेटर डॅशबोर्डच्या मागे असतो, तो तपासा.

फक्त पेट्रोलचाच काटा चुकत असेल, तर किल्ली बंद ठेवून टाकीजवळची वायर काढा. ती वायर १० ओहमच्या रेझिस्टरमधून गाडीच्या स्वच्छ पत्र्याला जोडा, मग किल्ली फिरवा. काटा सावकाश 'फुल'कडे गेला, तर गेज आणि वायर ठणठणीत. (हा काटा आतली पट्टी तापून हलतो, तेव्हा मिनिटभर धीर धरा.) वायर थेट पत्र्याला टेकवू नका, गेज जळू शकतं.

आता किल्ली बंद करून सेंडरचं टोक आणि गाडीचा पत्रा यांच्यात ओहम मोजा. मीटर काहीच दाखवत नसेल, तर एकदा सेंडरच्या स्वतःच्या धातूवर टोक लावून पाहा. तिथे आकडा आला, तर बिघाड ग्राउंडमध्ये आहे. गंज किंवा रंग खरवडून एक ग्राउंड वायर जोडली की काम फत्ते, आणि टाकीला हात लावायची गरजच नाही!

टाकी उघडण्यापूर्वी

इथे जरा गंभीर होऊ या. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती जमिनीलगत पसरते आणि गॅरेजमधल्या वॉटर हीटरच्या ज्योतीपर्यंत जाऊन पेटू शकते. तेव्हा काम उघड्यावर, सपाट जागी. चाकांना अडसर, गाडी जॅकवर नव्हे तर जॅक स्टँडवर, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढलेली, पेट्रोलच्या आगीला चालेल असा अग्निशामक हाताशी. उजेडाला एलईडी बॅटरी, तापणारा बल्ब नको. आणि एकट्याने करू नका.

मस्टँगचा सेंडर टाकीच्या पुढच्या भिंतीत, मागच्या ॲक्सलच्या बाजूला असतो. टाकी मावते १६ गॅलन, म्हणजे साधारण ६० लिटर. ती रिकामी न करता सेंडर काढला, तर सगळं पेट्रोल तुमच्या अंगावर! ड्रेन प्लग असेल तर त्यातून, नाहीतर हातपंपाने, जमिनीवर ठेवलेल्या मान्यताप्राप्त डब्यात काढा. तोंडाने नळी ओढण्याची देशी पद्धत इथे सोडा. पेट्रोल फुप्फुसात गेलं तर जिवावर बेततं. जुनं, वास उतरलेलं पेट्रोल गटारात नाही, तर काउंटीच्या घातक कचरा केंद्रात.

काढणं आणि बसवणं

१. सेंडरभोवतीची माती आधी ब्रशने साफ करा. नाहीतर ती टाकीत जाईल आणि तिथून कार्ब्युरेटरमध्ये.

२. वायर आणि रबरी नळी काढा. उरलेलं थेंबथेंब पेट्रोल पडेल, खाली भांडं ठेवा.

३. सेंडर एका लॉक रिंगने धरलेला असतो. पितळी पंच किंवा लाकडी ठोकळ्याने हलके ठोके देत ती घड्याळाच्या उलट दिशेने फिरवा. लोखंडावर लोखंड आपटून ठिणगी पाडू नका.

४. सेंडर तिरका करत, दांडी न वाकवता बाहेर घ्या. फ्लोट कानाशी धरून हलवा. आत पेट्रोल खळखळलं, तर तो गळका आणि म्हणून बुडालेला. टाकीतही डोकावा. आत गंजाचा थर असेल, तर नुसता नवा सेंडर लावून भागणार नाही.

५. नवा सेंडर बसवण्याआधी टेबलावर मोजा. दांडी खाली असताना ७३ च्या आसपास, वर नेताना आकडा न अडखळता १० पर्यंत उतरला पाहिजे. जुन्याशेजारी ठेवून दांडीचा आकार ताडून पाहा.

६. रबरी सील नवीनच घ्या. आता इथल्या बहुतेक पेट्रोलमध्ये १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, आणि जुन्या रबराला ते सोसत नाही. रबरी नळीही त्याच कारणाने बदला, ५/१६ इंची, पेट्रोलसाठीच बनवलेली. क्लॅम्पही नवे.

७. सेंडरची जीभ टाकीच्या खाचेत बसवा, रिंग घड्याळाच्या दिशेने घट्ट करा, वायर जोडा.

शेवटची परीक्षा

एकदम टाकी भरू नका. सेंडर भिंतीत असल्यामुळे पातळी त्याच्या वर चढेपर्यंत गळती दिसतच नाही. दोन गॅलन घाला, कोरडा कागद फिरवून बघा, मग आणखी चार, पुन्हा बघा. सगळं कोरडं असेल, तरच बॅटरी जोडा. पंपाला पेट्रोल ओढून कार्ब्युरेटरपर्यंत आणायला वेळ लागतो, तेव्हा स्टार्टर दहा-दहा सेकंदच फिरवा, मध्ये त्याला विश्रांती द्या.

या गाडीत टाकीचा वरचा पत्रा हीच डिकीची जमीन आहे. डिकी आणि मागची सीट यांच्यात पोलादी भिंत नाही. म्हणजे टाकीपाशी झालेली गळती सरळ मुलं बसतात तिथवर येते. दुसऱ्या दिवशी सकाळी डिकी उघडून नाक लावा. जरासा जरी वास आला, तरी गाडी हलवायची नाही.

टाकी भरताना दर चार गॅलनला काटा कुठे आहे ते कागदावर लिहा आणि तो कागद ग्लोव्ह बॉक्समध्ये ठेवा. नवा काटाही थोडा इकडे-तिकडे बोलतोच, पण त्याची सवय कळली की फसवणूक होत नाही.

भाग स्वस्त, मजुरी महाग, असं हे काम आहे. मजुरीचे वाचलेले पैसे कुठे टाकायचे, हे सुज्ञांस सांगणे न लगे. डबा पिकनिकला गाडीच्या बॉनेटवरच ठेवलेला असेल!