तेल न पिणारी गाडी

आमच्या पिकअपच्या डॅशबोर्डाच्या खणात अण्णांची एक वही असते. डिझेल किती टाकलं, क्रेट किती गेले, हमाली किती, पट्टी किती आली, सगळं त्यात. आमच्याकडे पट्ट्या दोन: एक आडत्याची आणि दुसरी इंजिनातलं तेल बघायची. दोन्ही अण्णा स्वतः बघतात, दुसऱ्या कुणावर सोडत नाहीत. गेल्या आठवड्यात विम्याचे कागद शोधताना वही हाती लागली आणि ऑक्टोबर २०२१ची एक ओळ दिसली: ‘घाटमाथा. तेलाचा दिवा लागला. विझला.’

तिथून पुढे जुलै २०२३पर्यंत, म्हणजे एकवीस महिने, त्या लाल दिव्याने आम्हाला नाचवलं. तेव्हा प्रत्येक पायरी बरोबर वाटत होती. आता वही सलग वाचताना कळतं की आम्ही कुठे कुठे उत्तराच्या शेजारून निघून गेलो.

गाडी २००६ची, चार सिलिंडरची डिझेल, दुसऱ्या हातून घेतलेली. किलोमीटरचा आकडा २,८३,००० वर थांबला, कारण केबल तुटली आणि ती कुणी बदलली नाही. ओतूरहून माल भरायचा, माळशेज उतरून कल्याणच्या मार्केटला टाकायचा आणि रिकामी गाडी घेऊन घाट चढून परत यायचं. दिवा लागायचा तो याच परतीच्या वाटेवर. घाट चढून इंजिन तापलेलं, माथ्यावर चहाला गाडी उभी केली, इंजिन नुसतं चालू ठेवलं की दिवा डोळा मिचकावायचा. जरा रेस दिली की गायब.

आता मिस्त्रीकडे गाडी कधी जायची? सकाळी, चहा झाल्यावर, घरून निघून दोन मिनिटांत. इंजिन गार, तेल जाड, दिवा शांत. मिस्त्री म्हणायचा, “अण्णा, कुठंय दिवा?” तापलेल्या इंजिनाचं दुखणं आम्ही एकवीस महिन्यांतले बहुतेक महिने गार इंजिनावर दाखवत होतो.

पहिला उपाय स्विचचा. ब्लॉकच्या अंगाला, फिल्टरजवळ, एक बोटभर लांबीचा स्विच असतो. त्याला एकच वायर. आत पातळ पडदा आणि एक पॉइंट. तेलाचा दाब साधारण अर्ध्या किलोच्या वर गेला की पडदा ढकलला जातो, पॉइंट सुटतो आणि दिवा विझतो. हे स्विच खराब होतात, खूपदा होतात, म्हणून सुरुवात तिथून करणं यात मिस्त्रीची चूक नाही. स्वस्तातलं आधी, महागातलं नंतर, हा क्रम शहाणाच आहे. पण स्विच काढला तेव्हा ते भोक उघडं होतं. त्याच आट्यात मीटर फिरवून बसवला असता तर दहा मिनिटांत खरं-खोटं झालं असतं. आम्ही नवा स्विच बसवला. दोन आठवड्यांनी दिवा परत. मग ‘डुप्लिकेट लागला असेल’ म्हणून आणखी एक. वहीत दोन्हींची नोंद आहे, दुसऱ्यापुढे अण्णांनी उद्गारचिन्ह काढलंय.

या दिव्याबद्दल एक गोष्ट मला फार उशिरा समजली. तो दाब सांगत नाही. दाब पार तळाला गेल्यावरच तो बोलतो. मिनिटाला दोन हजार फेऱ्यांवर ज्या इंजिनाला तीन किलो दाब हवा, तिथे एकच किलो मिळत असला तरी दिवा विझलेलाच राहणार. पूर्वी ट्रकांना काट्याचं मीटर असे, इंजिनापासून केबिनपर्यंत केसासारखी तांब्याची नळी येत असे आणि काटा हळूहळू खाली यायला लागला की ड्रायव्हरला महिनाभर आधी समजे. अण्णांनी तशा गाड्या चालवल्यात. दिवा आला आणि तो महिना हातचा गेला.

दुसरा उपाय जाड तेलाचा. पंधरा-चाळीसच्या जागी वीस-पन्नास. यातला मागचा आकडा तापलेल्या तेलाचा. १०० अंशाला चाळीस नंबरच्या तेलाचा घट्टपणा साडेबारा ते सव्वासोळा सेंटीस्टोक्सच्या आसपास असतो, पन्नासचा त्याच्या वर, जवळजवळ बावीसपर्यंत. म्हणजे तेल खरोखरच जाड. दिवा गेला. २०२२चा सगळा हिवाळा वहीत दिव्याचं नाव नाही. अण्णा खूश, मिस्त्री खूश. ओल आलेल्या भिंतीला चुना फासावा आणि कौल तसंच गळकं ठेवावं, असा तो प्रकार होता. मार्च २०२३मध्ये ऊन वाढलं आणि माथ्यावरच्या त्याच टपरीसमोर दिवा पुन्हा लागला. या वेळी विझायला जास्त रेस लागली.

तिसऱ्या वेळी मिस्त्री ‘पंप गेला’ म्हणाला. पंपाची किंमत ऐकून अण्णा गप्प झाले आणि त्या गप्प बसण्यानेच आमचं भलं झालं. कारण त्याच आठवड्यात वावरात ठिबकचं एक टोपण निघालं.

हे जरा सविस्तर सांगायला हवं. ठिबकच्या फिल्टरला आमच्याकडे दोन मीटर आहेत, एक आधी, एक नंतर. काटा दीड किलोवर असला की अण्णा निर्धास्त. त्या दिवशी काटा पाऊण किलोवर आला. मी म्हटलं, “मोटर कमी पडतेय का?” अण्णा माझ्याकडे बघतच राहिले. “मोटरला काय झालंय? कुठंतरी नळी उघडी पडलीय.” गेले, शेवटच्या सरीतलं टोपण शोधून बसवलं, काटा जागेवर. येताना बांधावर थांबले आणि म्हणाले, “गाडीचंबी असंच असंल.”

असंच असतं. पंप दाब तयार करत नाही, तो नुसतं तेल ढकलतो. दाब तयार होतो तो तेलाला पुढे वाट अरुंद असते म्हणून. क्रँक आणि बेअरिंगमधली फट साधारण ०.०५ मिलिमीटर, म्हणजे केसापेक्षाही बारीक. त्या फटीतून तेल कष्टाने निघतं आणि मागे दाब उभा राहतो. फट झिजून दुप्पट झाली तर गळती दुप्पट होत नाही, आठपट होते. तेल पातळ झालं तरी तोच परिणाम. पंप बिचारा तेवढाच फिरतोय. वावरात ज्या माणसाला हे सांगावं लागत नाही, त्या माणसाच्या गाडीला मीटरच नव्हता.

मग अण्णांनी फिल्टरवरचा एक मीटर खोलला आणि खिशात घातला.

या वेळी आम्ही ट्रॅक्टरचं काम करणाऱ्या दुसऱ्या मिस्त्रीकडे गेलो, आणि तेही घाट चढून थेट, इंजिन बंद न करता. मीटरचा आटा मोठा, स्विचचा लहान. लेथवाल्याने पितळेचा एक जोड करून दिला, मध्ये हायड्रॉलिकच्या पाइपाचा तुकडा घातला. मीटर बॉनेटवर ठेवला. काच वावरातल्या चिखलाने अर्धी झाकलेली, ती अण्णांनी धोतराच्या सोग्याने पुसली. इंजिन नुसतं चालू: काटा अर्ध्या किलोच्या खाली, थरथरत. मिस्त्रीने रेस दिली. आमच्या गाडीला फेऱ्यांचं मीटर नाही, त्यामुळे ‘दोन हजार’ हे मिस्त्रीच्या कानाने ठरवलेले. काटा एक किलोला येऊन थबकला. दर हजार फेऱ्यांना दहा पाउंड, म्हणजे पाऊण किलोला थोडा कमी, असा जुना ठोकताळा आहे. त्या हिशेबानेही गाडी नापास.

मिस्त्रीने पट्टी काढली. तेल वरच्या खुणेच्याही थोडं वर होतं. अण्णा अभिमानाने म्हणाले, “दोन वर्षं झाली, तेलाचा थेंब पीत नाही गाडी.” हे वाक्य मी शंभरदा ऐकलं होतं. पाहुण्यांना, शेजाऱ्यांना, गाडी मागायला आलेल्यांना, सगळ्यांना ते ऐकवून झालं होतं. मिस्त्रीने पट्टी नाकाशी नेली. मग भिंतीवरच्या कॅलेंडरचं मागच्या महिन्याचं पान फाडलं, त्याच्या पाठीवर एक थेंब सोडला आणि बिडी पेटवायला थेंबापासून चार पावलं लांब गेला. बिडी संपेपर्यंत कागदावर मधे काळा ठिपका आणि त्याच्या भोवती फिकट, ओलसर कडं पसरलं होतं.

“अण्णा, हे तेल नाही, भेळ हाये. निम्मं डिझेल.”

निम्मं काही नसणार, पण पुरेसं होतं. जुनं इंजिन तेल पितंच, थोडं तरी पितं. आमचंही पीत होतं. फक्त जेवढं तेल जळत होतं तेवढं डिझेल वरून येऊन मिसळत होतं, म्हणून पट्टीवर पातळी हलत नव्हती. ज्या खुणेवर अण्णा दोन वर्षं खूश होते, तीच खूण रोग सांगत होती. इंजिनाच्या अंगाला बसवलेला डिझेलचा फीड पंप खोलला तर आतल्या रबरी पडद्याला अर्ध्या इंचाची चीर. पडद्यापलीकडून डिझेल खाली तेलाच्या चेंबरमध्ये उतरत होतं.

फीड पंप बदलला, तेल-फिल्टर बदलला, पुन्हा घाट चढून येऊन मीटर लावला. नुसत्या चालूवर पाऊण किलोच्या आसपास, रेस दिल्यावर दीडच्या वर. दिवा नाही. मी हात झटकले. मिस्त्रीने नाही झटकले. “दोन वर्षं पातळ तेलावर बेअरिंग फिरलीत. खोलून बघा.”

मे २०२३ होता तो. टोमॅटोला तोडणीचे आणि गाडीभाड्याचे पैसेही सुटत नव्हते, लोक क्रेट रस्त्याकडेला ओतत होते. इंजिन खोलायला पैसे आणायचे कुठून? अण्णांनी मीटर गाडीलाच तारेने बांधून ठेवला, माल कमी भरायचा ठरवलं आणि वहीत दर सोमवारी आकडा लिहायला सुरुवात केली. सगळ्या वहीतली ही चार-पाच पानं सगळ्यात शहाणी आहेत. पाऊण. पाऊण. सहा दशांश. जूनच्या शेवटी अर्धा.

इंजिन उतरवलं. चेंबर खोलल्यावर आधी दिसली ती तेल ओढणारी जाळी, आणि जाळीत अडकलेले सिलिकॉनचे गांडुळासारखे तुकडे. आधी कधीतरी कुणीतरी चेंबर चिकटवताना हात सैल सोडला होता, त्याचे. तेलाची वाट त्यांनीही थोडी अडवली असणार. मग कनेक्टिंग रॉडची बेअरिंग बाहेर आली. नव्या बेअरिंगचा आतला भाग करडा, मऊ असतो. शिशाचा आणि कथलाचा पातळ थर. आमच्या बेअरिंगवर तो थर मधल्या पट्ट्यात उडाला होता आणि खालचं तांबं दिसत होतं, देवाच्या तांब्यासारखं लख्ख. मिस्त्रीने क्रँकवरून नख फिरवलं, नख अडकलं. मग लेथवर ०.२५ मिलिमीटर ग्राइंडिंग आणि त्या मापाची बेअरिंग. तेलाचा पंपही मोजून पाहिला, तो मापात होता. तोच, जो मार्चमध्ये ‘गेला’ होता.

गाडी खोलून ठेवली होती त्याच दिवसांत टोमॅटोचे भाव फिरले. नारायणगावला वीस किलोच्या क्रेटला दोन हजारांच्या वर भाव गेला. आमचा उरलासुरला माल शेजाऱ्याच्या गाडीतून, भाडं देऊन गेला. अण्णांनी ते भाडं वहीत लाल शाईने लिहिलंय.

जुलैच्या अखेरीस गाडी पुन्हा घाट चढली. माथ्यावर चहा घेताना काटा दीडवर होता. ठिबकच्या फिल्टरला नवा मीटर आणला, जुना गाडीतच राहिला. त्यानंतरची पहिली नोंद ऑगस्टची आहे: ‘पट्टीवर तेल कमी. पाव लिटर टाकले.’ त्या दिवशी अण्णा घरी येऊन आईला म्हणाले होते, “एवढा खर्च केला आणि गाडी तेल प्यायला लागली बघ.”